डीएमने काय ठरवायचं आणि कसं: डी अँड डीचं कॅम्पेन चालवताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. प्रत्येक खेळाडू एक कॅरेक्टर, म्हणजे गोष्टीतलं पात्र, चालवतो; डीएम, म्हणजे डंजन मास्टर, बाकीचं जग, राक्षस आणि नियम सांभाळतो. अनेक सेशन, म्हणजे बैठका, चालणारी सलग गोष्ट म्हणजे कॅम्पेन. ते चालवायला घेतलं की पहिल्या काही आठवड्यांतच डीएमवर दोन प्रकारचे प्रश्न येऊन आदळतात. 'हे नियमात बसतं का?' हा पहिला. 'पुस्तकात तर वेगळंच लिहिलंय, मग तू असं कसं म्हणतोस?' हा दुसरा. एक नियमांचा, एक लोरचा, म्हणजे त्या जगाच्या कथा-इतिहासाचा. मी दोन्हीकडे एकच धोरण ठेवतो: टेबलावर एकदा ठरलं की ते सगळ्यांना सारखं लागू, राक्षसांनासुद्धा. निर्णय पुस्तकाप्रमाणे शंभर टक्के बरोबर असला तर छानच, पण खेळणाऱ्यांना जग विश्वासाचं वाटतं ते निर्णय दर आठवड्याला बदलत नाहीत म्हणून. खालची सगळी पद्धत त्यातूनच आलेली आहे.

आधी आवृत्ती ठरवा

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ काढला, तेव्हापासून त्याच्या बऱ्याच आवृत्त्या झाल्या. आज आपल्याकडे जवळपास सगळे पाचवी आवृत्ती खेळतात, पण तिच्यातही दोन संच आहेत: २०१४ चा आणि २०२४ पासून आलेला सुधारित. पुस्तकं एकसारखी दिसतात, नावंही तीच, आणि घोळ नेमका तिथेच होतो. एकाकडे दादाचं जुनं प्लेयर्स हँडबुक, दुसऱ्याकडे नवं, तिसरा मोबाइलवर काहीतरी शोधून वाचतोय. तिघंही बरोबर असतात आणि तिघांचं उत्तर वेगळं असतं.

फरक किरकोळ नाहीत. हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) स्वतः प्यायला २०१४ मध्ये पूर्ण ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, जाते, नव्यात बोनस ॲक्शन, म्हणजे जोडीची छोटी कृती. शत्रूने बेसावध गाठलं तर जुन्या नियमात तुमची पहिली पाळी हातची जाते. नव्यात फक्त इनिशिएटिव्हला, म्हणजे कोणाची पाळी आधी हे ठरवणाऱ्या फाशाला, डिसॲडव्हांटेज मिळतो (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा). म्हणजे तोच दबा धरून केलेला हल्ला एका आवृत्तीत जीवघेणा आणि दुसऱ्यात नुसता त्रासदायक.

पुस्तकांना पैसे घालायच्या आधी एसआरडी नावाचा मोफत नियमसंच उतरवून घ्या. २०२३ च्या जानेवारीत ५.१ (२०१४ चे नियम) आणि २०२५ मध्ये ५.२ (२०२४ चे नियम) हा संच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. त्यात प्रत्येक क्लासची (कॅरेक्टरचा पेशा: जादूगार म्हणजे विझार्ड, गवई म्हणजे बार्ड, वगैरे) एकच सबक्लास (त्या पेशाची शाखा) मिळते, पण पहिले पाच लेव्हल (कॅरेक्टरच्या ताकदीच्या पायऱ्या) आरामात निघतात. कुठलीही आवृत्ती घ्या, मात्र ग्रुपवर एकदा लिहून टाका: 'आपण २०२४ चे नियम खेळतोय.' मिसळायचंच असेल तर काय मिसळलं तेही लिहा.

सेशन झीरो

खेळायच्या आधीची ही बैठक टाळू नका. कॅरेक्टर बनवणं हे तिचं निमित्त. खरं काम असतं अपेक्षा जुळवण्याचं. वार आणि वेळ, किती तास, कोणी आलं नाही तर खेळायचं की नाही. चार खेळाडू असतील तर तिघांवर सेशन चालेल असं तेव्हाच ठरवून टाका, नाहीतर ऑफिस, लग्नं आणि गणपती मिळून तुमचं कॅम्पेन गिळून टाकतील.

मग थोडे अवघड विषय. कॅरेक्टर मेलं तर चालेल का? एकमेकांवर चोरी, एकमेकांवर हल्ला चालेल का? कथेत काय अजिबात नको? कोणाला कोळ्यांची खरोखर भीती असते, कोणाच्या घरात नुकतं कोणी गेलेलं असतं. सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटला तर तुम्हाला एकट्याला मेसेज करायला सांगा. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड बरेच ग्रुप वापरतात: टेबलावर एक कार्ड ठेवायचं, कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबवून पुढे सरकायचं, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे ते क्वचित वापरलं जातं, पण ते समोर आहे म्हणून लोक मोकळेपणाने खेळतात.

प्रत्येक खेळाडूला दोन प्रश्न जरूर विचारा: तुझं कॅरेक्टर या बाकीच्यांबरोबर का आहे, आणि ज्या गावात कथा सुरू होते तिथे तू कोणाला ओळखतोस? 'मी एकटा फिरतो, मला कोणी नाही' असं उत्तर आलं तर गोड बोलून बदलून घ्या. एकलकोंडा हीरो कादंबरीत शोभतो. चार जणांच्या टेबलावर त्याला दर वेळी ओढत न्यावं लागतं.

छोट्या जागेपासून सुरुवात

स्वतःचं अख्खं जग, त्याचे सात खंड आणि देवांची वंशावळ रचत बसू नका. पहिल्यांदा चालवत असाल तर तयार ॲडव्हेंचर घ्या. २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' अजूनही शिकायला उत्तम आहे. फॅन्डलिन नावाचं एक छोटं गाव, त्यात दमदाटी करणारी एक टोळी, आसपास गॉब्लिन (छोटे लुटारू राक्षस), आणि कुठेतरी हरवलेली एक खाण. एवढ्यात पहिल्या लेव्हलपासून पाचवीपर्यंत जाता येतं.

त्याचा पहिलाच प्रसंग जरा थांबून बघू, कारण पुस्तकातले आकडे कसे वाचायचे ते त्यात कळतं. सामानाची गाडी घेऊन निघालेल्या खेळाडूंना रस्त्यात दोन मेलेले घोडे दिसतात, झाडीत चार गॉब्लिन. २०१४ च्या पद्धतीने हिशेब करा: एक गॉब्लिन ५० एक्सपीचा (त्याला हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण), चार म्हणजे २००, आणि तीन ते सहा शत्रू असले की दुप्पट धरायचं, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या एका कॅरेक्टरची 'डेडली' (जीवघेण्या लढाईची) मर्यादा १००, चौघांची ४००. म्हणजे कॅम्पेनची पहिली लढाईच डेडली! तोच हिशेब २०२४ च्या पद्धतीने करा. तिथे शत्रूंच्या संख्येचा गुणाकार काढून टाकलाय, आणि पहिल्या लेव्हलला सोप्या लढाईचं बजेट माणशी ५० आहे. चौघांचं २००. तेच चार गॉब्लिन आता 'लो' ठरतात.

मग खरं काय? फाशांकडे बघा. जुन्या पुस्तकातला गॉब्लिन एका फटक्यात सरासरी ५ डॅमेज (इजा) करतो. पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे सात-आठ हिट पॉइंट, म्हणजे तेवढी इजा सोसायची ताकद, असते. दोन बाण लागले की तो आडवा. त्यात गॉब्लिन बोनस ॲक्शनने परत लपू शकतो. तुम्ही चारही गॉब्लिन हुशारीने खेळवलेत तर नव्या खेळाडूंचा निकाल दुसऱ्या राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे राउंड) लागू शकतो. म्हणून ॲडव्हेंचरमध्ये जे दिलंय तेच करा: दोन गॉब्लिन अंगावर धावतात, दोन तीस फुटांवरून बाण मारतात. खेळाडू हरले तरी गॉब्लिन त्यांना मारत नाहीत, बेशुद्ध सोडून लुटून नेतात. बिचारे गाडीवाले म्हणून सुरुवात झालेली गोष्ट 'आमचं सामान परत आणायचंय' या सूडकथेत बदलते, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त रंगते.

आकडे अंदाजासाठी असतात. त्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या पाळ्या मोजा. चार जणांच्या चार पाळ्यांसमोर एकटा मोठा राक्षस बहुतेक वेळा केविलवाणा मरतो, आणि आठ फालतू गॉब्लिन घाम फोडतात.

नियमाचा प्रश्न आला की

इथे जरा जास्त वेळ काढतो, कारण कॅम्पेन तुटतात ती राक्षसांमुळे कमी आणि वादांमुळे जास्त.

सगळ्यात आधी हेतू विचारा. खेळाडू म्हणतो, 'मी झुंबराची दोरी कापतो.' तुम्ही पुस्तक उघडायच्या आत विचारा, 'म्हणजे काय व्हायला हवंय?' त्याला खालचे दोघे चिरडायचे असतील, नाहीतर नुसता अंधार करून पळायचं असेल. दोन्हींसाठी वेगळा निर्णय लागतो. निम्मे वाद एवढ्या प्रश्नावर मिटतात.

मग रोल, म्हणजे फासा टाकणं, लागतो का ते बघा. काम सहज होणारं असेल तर होऊ द्या. होणं शक्यच नसेल तर 'नाही होणार' म्हणा. निकाल अनिश्चित असेल आणि फसण्याने काही बिघडणार असेल तेव्हाच फासा. नवीन डीएम इथे हमखास अडकतात, कारण डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, नैसर्गिक २० पडला की सगळं शक्य, असा समज आहे. २० पडला की आपोआप लागतो तो हल्ला. ॲबिलिटी चेकला (चढणं, पटवणं, शोधणं अशा कामांच्या फाशाला) ती सवलत दोन्हीपैकी एकाही आवृत्तीत नाही. हा समज हल्ली बऱ्याचदा २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममधून येतो, कारण तिथे २० म्हणजे यश. तिथे धक्का मारणंही बोनस ॲक्शन आहे, टेबलवर नाही. गेम खेळून आलेल्यांना पहिल्याच दिवशी हे दोन-तीन फरक सांगून टाका. आणि २० पडूनही जमणार नसेल तर मुळात फासा टाकायलाच लावू नका. टाकायला लावलात, २० पडला, आणि तुम्ही 'तरी नाही' म्हणालात, तर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

डीसीसाठी, म्हणजे यशासाठी फाशाने गाठायच्या आकड्यासाठी, तीन आकडे डोक्यात ठेवले की पुरतात: सोपं १०, मध्यम १५, अवघड २०. मी आकडा फासा टाकायच्या आधीच सांगतो. काही डीएमना हे आवडत नाही, त्यांना रहस्य हवं असतं. मला वाटतं आधी सांगितलं की फासा हातातून सुटताना सगळं टेबल श्वास रोखून बसतं, आणि नंतर 'तू आकडा बदललास' असं म्हणायची सोय राहत नाही.

स्पेल, म्हणजे जादूचे मंत्र, मात्र अक्षरशः वाचा. स्पेल जे लिहिलंय तेवढंच करतो. 'क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर' वापरून शत्रूच्या फुप्फुसात पाणी भरायची कल्पना प्रत्येक ग्रुपमध्ये कोणा ना कोणाला सुचतेच. मजकूर सांगतो, पाणी उघड्या भांड्यात तयार होतं. फुप्फुस उघडं भांडं नाही, विषय संपला. तसंच फायरबॉल. तो ज्वलनशील वस्तू पेटवतो, पण कोणी अंगावर घातलेल्या किंवा हातात धरलेल्या नाहीत. म्हणजे व्हिलनच्या खिशातला नकाशा वाचतो, टेबलावर पसरलेला जळतो. खेळाडूंना हे एकदा कळलं की फायरबॉल टाकायच्या आधी ते खोलीत काय काय आहे ते विचारायला लागतात, आणि खोलीचं वर्णन करायचे तुमचे कष्ट फळाला येतात.

काही ठिकाणी मजकूरच तुमच्यावर सोडतो. 'सजेशन' या समोरच्याला सूचना पाळायला लावणाऱ्या स्पेलमध्ये २०१४ ची अट होती की सूचना वाजवी वाटली पाहिजे. डीएम याचा अर्थ फार कंजूषपणे लावतात. त्याच स्पेलमध्ये उदाहरण दिलंय की एखाद्या नाइटला तिचा लढाऊ घोडा पहिल्या भेटणाऱ्या भिकाऱ्याला देऊन टाकायला सांगता येतं. घोडा दान करणं वाजवी असेल तर पहारेकऱ्याला 'तू दमलायस, घरी जा' म्हणणं नक्कीच वाजवी आहे. २०२४ मध्ये अट बदलली: सूचना जमण्यासारखी वाटली पाहिजे, त्या व्यक्तीला किंवा तिच्या साथीदारांना उघड इजा होईल असं काही नको, आणि जास्तीत जास्त २५ शब्द. मराठीत खेळताना २५ शब्दांत कायदेशीर करारनामा बसतो, त्यामुळे आम्ही ती अट 'एका दमात बोलता आलं पाहिजे' अशी केली.

मग येतात नियमांतल्या फटी शोधणारे. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण शेतकऱ्यांच्या तोफेचं. हजारो गावकरी एका ओळीत उभे करायचे, प्रत्येकाने ॲक्शन राखून ठेवायची आणि हातातला दांडका शेजाऱ्याला द्यायचा. एक राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे दांडका सहा सेकंदांत मैलोन्‌मैल जातो, म्हणून शेवटी तो एवढ्या वेगाने आदळेल की ड्रॅगन फुटेल! यातली चलाखी बघा. दांडका पुढे सरकवताना खेळाडू नियमपुस्तिका वापरतो आणि आदळताना भौतिकशास्त्र. नियमच वापरायचे असतील तर शेवटच्या गावकऱ्याने फेकलेला दांडका म्हणजे हाताला लागलं ते शस्त्र, डॅमेज डी४, म्हणजे चार बाजूंच्या फाशावर पडेल तेवढं. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये तर स्पष्टच लिहिलंय की नियम म्हणजे त्या जगाचं भौतिकशास्त्र नाही आणि नियम चांगल्या हेतूने वाचायचे असतात. ते पान उघडून दाखवा, सगळे हसतील, खेळ पुढे जाईल.

एवढं करूनही उत्तर सापडेना तर मिनिटभर शोधा, मग ठरवा. 'आज असं धरू, घरी जाऊन बघतो.' नंतर पुस्तकात वेगळं निघालं तर पुढच्या सेशनपासून तसं करा, झालेलं मागे फिरवू नका. इंटरनेटवर शोधताना एक लक्षात ठेवा: नियमांचे एक प्रमुख लेखक जेरेमी क्रॉफर्ड यांची ट्वीट लोक अजून पुरावा म्हणून पुढे करतात. अधिकृत खुलासा म्हणजे प्रकाशकाचं 'सेज ॲडव्हाइस' हे प्रश्नोत्तरांचं संकलन, ट्वीट नव्हे. आणि तो खुलासाही तुमच्या टेबलावर सल्लाच.

शेवटची कसोटी: हेच गॉब्लिनने केलं तर चालेल का? खेळाडूला डोळ्यात बाण मारून शत्रूला आंधळं करायची सूट हवी असते. 'ठीक आहे, पुढच्या वेळी ते तुझ्या डोळ्यात मारतील' म्हटलं की बहुतेक जण स्वतःच माघार घेतात. एखादा म्हणतो चालेल. मग खरंच चालू द्या.

लोर कोणाचा?

फॅन्डलिन ज्या जगात आहे त्या फरगॉटन रेल्म्सची कल्पना एड ग्रीनवुड यांनी लहानपणापासून रचत आणली होती. डी अँड डीचं जग म्हणून ते १९८७ मध्ये बाहेर आलं. त्यानंतर कादंबऱ्या, नकाशे, गेम, मासिकं. देव मेले, परत आले, त्या जगाच्या १३८५ साली स्पेलप्लेग नावाच्या संकटाने जादूची घडी विस्कटली, शंभर वर्षांनी बरंच काही पूर्ववत झालं. हे सगळं पाठ करून सेशन चालवायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही.

गरजही नाही. २०२१ मध्ये क्रॉफर्ड यांनी सांगितलं की पाचव्या आवृत्तीच्या खेळासाठी २०१४ पासूनच्या नियम आणि ॲडव्हेंचरच्या पुस्तकांत जे आलंय तेवढंच अधिकृत धरलं जातं. कादंबऱ्या, व्हिडिओ गेम, जुन्या आवृत्त्या, सगळं बाहेर. प्रकाशकच एवढं कापून टाकतो, मग तुम्ही कशाला ओझं वाहता?

मी लोरच्या तीन पायऱ्या धरतो. टेबलावर मोठ्याने बोललेलं खरं, ते बदलायचं नाही. माझ्या वहीत आहे पण बोललेलो नाही, ते हवं तेव्हा बदलता येतं. पुस्तकात आहे पण टेबलावर आलं नाही, ती त्या जगातली अफवा. ही अफवेची कल्पना माझी नाही, रेल्म्सच्या स्वभावातच ती आहे. जुनी मार्गदर्शकं व्होलो नावाच्या बढाईखोर प्रवाशाच्या तोंडून लिहिलेली आहेत आणि एल्मिन्स्टर हा म्हातारा जादूगार मध्येमध्ये त्याच्या चुका काढतो. म्हणजे पुस्तकंच सांगतात की सांगणाऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका.

त्यामुळे एखादा खेळाडू रेल्म्समधल्या एखाद्या शहराबद्दल म्हणाला, 'पण वॉटरडीपमध्ये तर असं नसतं', तर भांडू नका. विचारा, 'तुझ्या कॅरेक्टरने हे कुठे ऐकलं?' तो म्हणेल, बापाने सांगितलं. झालं, आता बापाचं वॉटरडीपशी नातं आहे आणि बाप चुकीचा का होता हा एक धागा तुम्हाला फुकट मिळाला. लोर जास्त माहीत असलेला माणूस टेबलावर असणं चांगलं. त्याला त्या जगाचा जाणकार करून टाका. ट्रोल नावाच्या राक्षसाला आग किंवा ॲसिड लावल्याशिवाय त्याच्या जखमा भरत राहतात हे खेळाडूला ठाऊक असेल तर कॅरेक्टरला ठाऊक नाही असं नाटक करायला लावू नका. ज्या गावाशेजारी ट्रोल राहतात तिथल्या पोरासोरांनाही हे माहीत असणार.

लोर बदलला की नियम बदलतो, अशीही ठिकाणं आहेत, आणि ती आधी बघून ठेवावी लागतात. गॉब्लिन हे २०१४ मध्ये ह्यूमनॉइड (माणसासारखे प्राणी) होते. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (राक्षसांच्या पुस्तकात) ते फे (परीलोकातले प्राणी) झाले, कारण त्यांचं मूळ फेवाइल्डमध्ये, म्हणजे त्या परीलोकात, आहे असं आता धरलंय. वाचताना हा नुसता कथेतला बदल वाटतो. पण 'चार्म पर्सन' (मोहात पाडणारा) आणि 'होल्ड पर्सन' (जागीच जखडणारा) हे स्पेल ह्यूमनॉइडवरच चालतात, म्हणजे नव्या गॉब्लिनवर ते वाया. उलट 'प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड' फेपासून वाचवतो, म्हणजे आता तो गॉब्लिनविरुद्ध कामाचा. जुनं ॲडव्हेंचर आणि नवं मॉन्स्टर मॅन्युअल एकत्र वापरत असाल तर खेळाडूने पहिला स्पेल टाकायच्या आधी हे ठरवा. मी फॅन्डलिनमध्ये जुनंच ठेवतो. पहिल्या लेव्हलच्या बार्डचा 'चार्म पर्सन' हा एकमेव चांगला डाव काढून घेण्यात काय मजा?

सेशनची तयारी

खेळाडू काय करतील याची तयारी करू नका, ते तसं करणारच नाहीत. गावातल्या तीन-चार माणसांना काय हवंय आणि कोणी आडवं आलं नाही तर पुढच्या आठवड्यात ते काय करतील, एवढं लिहा. टोळीच्या म्होरक्याला हप्ता हवाय. दुकानदाराला टोळी जायला हवीय, पण त्याचं नाव पुढे यायला नकोय. मग खेळाडू कुठूनही शिरले तरी तुम्हाला उत्तर सुचतं.

मराठीत चालवत असाल तर आवाज काढता येत नाहीत म्हणून खंत करू नका. सरदार 'आपण' म्हणतो, दुकानदार 'अहो', गॉब्लिन 'ए, चल पैसे काढ', आणि घाबरला की तोच गॉब्लिन 'साहेब' म्हणायला लागतो. एवढ्यावर कोण बोलतंय ते कळतं. नियमांचे शब्द मात्र इंग्रजीच राहू द्या. 'सेव्ह टाक' सगळ्यांना कळतं.

मृत्यू आणि वही

शून्य हिट पॉइंटवर गेलेला माणूस दर पाळीला डेथ सेव्ह (जगतो की मरतो हे ठरवणारा फासा) टाकतो: १० किंवा वर यश, तीन यश आधी आले तर स्थिर, तीन अपयश आधी आले तर संपला. १ पडला की दोन अपयश धरायचे, २० पडला की एक हिट पॉइंट घेऊन उठतो. हे फासे सगळ्यांसमोर टाकायला लावा आणि पडद्याआड काही बदलू नका. मरण हवंच असं नाही, सेशन झीरोत 'कोणी मरायचं नाही' ठरलं असेल तर ते पाळा. पण मरू शकतं असं ठरवून ऐन वेळी कोणाला वाचवलंत, तर पुढच्या प्रत्येक लढाईत खेळाडू तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसतील.

प्रत्येक सेशननंतर दहा मिनिटं वहीत लिहा, किंवा ग्रुपवर पिन केलेल्या मेसेजमध्ये. आमच्या वहीतल्या नोंदी अशा असतात: 'पोशन दुसऱ्याला पाजायला बोनस ॲक्शन. बेशुद्ध असला तरी.' 'टोळीच्या वाड्यामागे विहीर आहे असं मी बोललो, ती आता आहे.' 'म्हाताऱ्या सुताराचं नाव ठरलं नव्हतं, घाईत काहीतरी सांगितलं, ते इथे लिहिलंय.' वही सगळ्यांना वाचायला खुली ठेवा, फक्त तुमची गुपितं दुसऱ्या वहीत.

पहिलं कॅम्पेन पाचव्या लेव्हलला थांबवायला लाजू नका. खाण सापडली, टोळी गेली, की शेवटच्या सेशनला विचारा: याच लोकांना घेऊन पुढे जायचं, की नवीन कॅरेक्टर, की दुसरं कोणी डीएम होतंय? कोणी हात वर केला तर त्याला ती खुली वही द्या. त्यातले कुठले निर्णय ठेवायचे ते आता त्याने ठरवायचं.